शेतातल्या बोर्डाचा पंचनामा: मेमरी डम्प आणि कोअर फाइल यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत ठिबक सिंचनाचे कंट्रोलर आणि द्राक्षबागेतली हवामान केंद्रं यांचं फर्मवेअर (बोर्डावर चालणारा प्रोग्राम) लिहितो. बोर्ड बसतो दिंडोरीत, पिंपळगावात, कधी चांदवडच्या पलीकडे. बंद पडतो तेव्हा आम्ही तिथे नसतो. नवीन मुलं, सातपूर-सिन्नरचे ओळखीचे इंजिनिअर आणि बोर्ड बसवणारे वायरमन जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

कोअर डम्प म्हणजे नेमकं काय?

प्रोग्राम कोसळला त्या क्षणी मेमरीत आणि प्रोसेसरच्या रजिस्टरांत (त्याच्या आतल्या चिमुकल्या साठवण-घरांत) जे काही होतं, त्याची उतरवून घेतलेली प्रत. आपल्याकडे समजावायला एक शब्द पुरतो: पंचनामा. गारपीट झाली की तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येईपर्यंत आडवी झालेली बाग हलवायची नाही, हे निफाडमध्ये शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. बोर्ड अडकला की आपण मात्र पहिल्यांदा काय करतो? बंद करून चालू करतो. पंचनाम्याआधीच शेत नांगरून टाकतो.

'कोअर' हे नाव जुनं आहे. एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात १९५३ साली फेराइटच्या बारीक कड्यांची मेमरी बसवली गेली. एका कडीत एक बिट. अशा मेमरीला कोअर म्हणत, म्हणून तिच्यातला मजकूर बाहेर काढणं म्हणजे कोअर डम्प. आज त्या कड्या कुणी वापरत नाही, शब्द मात्र रोजच्या वापरात आहे.

मेमरी डम्प आणि कोअर फाइल एकच का?

नाही. मेमरी डम्प म्हणजे नुसते बाइट, अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंत. कोअर फाइलला रचना असते: ईएलएफ (कंपाइल केलेल्या प्रोग्रामच्या फाइलचं प्रमाण स्वरूप) या स्वरूपात मेमरीचे तुकडे, प्रत्येकाचा पत्ता, प्रत्येक थ्रेडची रजिस्टरं, कोणत्या सिग्नलने प्रोग्राम मेला त्याची नोंद. लिनक्स ती स्वतः तयार करतो आणि जीडीबी हा डिबगर ती थेट उघडतो. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर हे सगळं आपल्यालाच करावं लागतं. कच्चे बाइट काढायचे आणि मग संगणकावर त्यांना कोअर फाइलचं रूप द्यायचं. झेफर या छोट्या बोर्डांच्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये त्यासाठीची स्क्रिप्ट सोबतच येते. कॉर्टेक्स-एम प्रोसेसरच्या साध्या बोर्डांसाठी क्रॅशकॅचर आणि क्रॅशडिबग ही मुक्त साधनं आहेत.

लॉग तर आहेतच. मग डम्प कशाला?

लॉगमध्ये तेवढंच येतं जेवढं लिहिताना आपल्याला सुचलं होतं. वर्षभर चालून एका रात्री मेलेल्या बोर्डाचं कारण बहुधा न सुचलेल्या जागी असतं. शिवाय शेवटच्या दोन-चार ओळी बऱ्याचदा बफरमध्येच राहतात, बाहेर पडतच नाहीत. त्या ओळीही डम्पमध्ये सापडतात. लॉगचा रिंग बफर (भरला की जुन्यावर नवं लिहिणारा) डम्पमध्ये नक्की येईल असा ठेवा, दोन्ही गोष्टी एका जागी मिळतात.

आमच्या कंट्रोलरला जेमतेम २० केबी रॅम आहे. त्यात काय साठवायचं?

२० केबी म्हणजे बहुधा एसटीएम३२एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर. तिथे सगळी रॅम उतरवणं अवघड नाही, बाहेर एक स्वस्त एसपीआय फ्लॅश (वीज गेली तरी मजकूर टिकवणारी चिप) असली की झालं. तीही नसेल तर किमान एवढं घ्या: सगळी रजिस्टरं, फॉल्टची (प्रोसेसरने पकडलेल्या चुकीची) रजिस्टरं, चालू टास्कच्या (प्रोग्राममधल्या एका स्वतंत्र कामाच्या) स्टॅकचा (परतीचे पत्ते आणि तात्पुरत्या किमती ठेवणाऱ्या जागेचा) वरचा पाचशे-हजार बाइटांचा भाग, टास्कचं नाव, रिसेटचं कारण आणि फर्मवेअरचा बिल्ड आयडी. हे सगळं दीड केबीत बसतं. दहापैकी बहुतेक वेळा मला एवढंच पुरलं आहे. हीप (चालू असताना मागून घेतलेली मेमरी) उतरवायला मिळालं तर उत्तम, पण त्याच्या नादात हे मूळ राहू नये.

डम्प साठवायचा कुठे?

सगळ्यात सोपी जागा म्हणजे रॅमचाच एक कोपरा. लिंकर स्क्रिप्टमध्ये (मेमरीत काय कुठे बसेल ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) 'नोइनिट' असा विभाग करायचा, म्हणजे स्टार्टअप कोड तो शून्याने भरत नाही. वॉचडॉगने (अडकलेला बोर्ड स्वतःहून रिसेट करणाऱ्या टायमरने) केलेला रिसेट किंवा सॉफ्टवेअर रिसेट झाला तरी एसरॅममधला (चिपमधल्या रॅममधला) मजकूर टिकतो. बोर्ड उठला की आधी ओळखीचा आकडा आणि सीआरसी (मजकूर बिघडला नाही हे पडताळणारा आकडा) तपासायचा. जुळला तर तो डम्प, नाहीतर कचरा. बूटलोडर तोच भाग वापरत नाही ना, तेवढं पाहून घ्या.

आम्ही असंच केलं होतं आणि पहिल्याच हंगामात तोंडघशी पडलो. दिंडोरीकडच्या एका बागेतून सकाळी फोन आला, "साहेब, रात्री मशीन अडकलं होतं, व्हॉल्व्ह उघडेच राहिले. मी बंद करून चालू केलं, आता ठीक आहे." वीज गेली की रॅम पुसली जाते. पुरावा गेला. त्यात त्यांची काही चूक नव्हती, रात्री दोनच्या थ्री फेजमध्ये पाणी भरणाऱ्या माणसाने दुसरं करायला काय हवं होतं? चूक आमच्या रचनेची होती. त्यानंतर डम्प फ्लॅशमध्येच जातो.

फ्लॅशची एक खोच आहे. लिहिण्याआधी ती पुसावी लागते, आणि एसटीएम३२एफ४ मधला १२८ केबीचा सेक्टर पुसायला एक-दोन सेकंद जातात. कोसळताना एवढा वेळ नसतो. म्हणून जागा आधीच, बोर्ड धड असताना, पुसून ठेवा. कोसळताना फक्त लिहायचं. एफ४०७ मध्ये बटण-सेलवर टिकणारी ४ केबी बॅकअप एसरॅमही आहे. छोट्या पंचनाम्यासाठी ती मला सगळ्यात सोयीची वाटते.

आणखी एक नियम: आधीचा डम्प वाचला जाईपर्यंत त्यावर नवा लिहायचा नाही. एकदा कोसळलेला बोर्ड पुन्हा पुन्हा कोसळत राहतो, आणि नंतरचे डम्प बहुधा पहिल्या बिघाडाच्या परिणामांचे असतात.

फॉल्ट हँडलरमध्ये काय करू नये?

ज्या घराला आग लागली आहे त्याच्याच विहिरीवर भिस्त ठेवू नका. मॅलॉक (मेमरी मागणं) नको, प्रिंटएफ (छापणं) नको, आरटीओएसचं (टास्क चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टमचं) कोणतंही फंक्शन नको. स्टॅकच बिघडलेला असू शकतो, म्हणून हँडलरला स्वतःची वेगळी जागा द्या. फ्लॅश ड्रायव्हर इंटरप्टवर (प्रोसेसरला मध्येच थांबवणाऱ्या हाकेवर) अवलंबून नसावा. आणि लिहिता लिहिता वॉचडॉगने मध्येच रिसेट मारू नये म्हणून त्यालाही खायला घालत राहा.

हार्डफॉल्ट आला. आधी काय बघायचं?

कॉर्टेक्स-एम३ किंवा एम४ असेल तर हा क्रम.

पहिलं, स्टॅक कोणता? फॉल्ट येताना एलआर या (एरवी परतीचा पत्ता ठेवणाऱ्या) रजिस्टरमध्ये एक खास किंमत बसते. तिचा २ क्रमांकाचा बिट शून्य असेल तर मुख्य स्टॅक, एक असेल तर टास्कचा. त्या स्टॅकवर हार्डवेअरने स्वतःहून आठ शब्द ढकललेले असतात: आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) आणि एक्सपीएसआर (प्रोसेसरच्या स्थितीची नोंद). एकूण ३२ बाइट. एफपीयू (दशांश गणिताचा भाग) वापरात असेल तर ही चौकट १०४ बाइटांची होते. हे विसरून पुढचा स्टॅक वाचणारे फार आहेत, आणि मग सगळंच सरकलेलं दिसतं.

दुसरं, या चौकटीतला पीसी आणि एलआर घ्या आणि अॅडर-टू-लाइन या साधनाला फर्मवेअरच्या ईएलएफ फाइलसोबत द्या. फंक्शनचं नाव आणि ओळ मिळते. इनलाइन फंक्शनं दाखवण्याचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर भलत्याच फंक्शनवर आळ येतो.

तिसरं, सीएफएसआर, म्हणजे ई०००ईडी२८ या पत्त्यावरचं रजिस्टर. खालचे आठ बिट मेमरी संरक्षणाचे, पुढचे आठ बसचे, वरचे सोळा वापरातल्या चुकांचे: शून्याने भागणं, अनोळखी इन्स्ट्रक्शन वगैरे. 'हार्डफॉल्ट' असं दिसलं तरी तो बहुतेकदा दुसराच फॉल्ट वर ढकलला गेलेला असतो. खरं कारण इथे लिहिलेलं असतं. कॉर्टेक्स-एम० मध्ये हे रजिस्टर नाही, तिथे पीसीवरूनच अंदाज बांधावा लागतो.

चौथं, बस फॉल्टचा पत्ता तेव्हाच वाचा जेव्हा 'पत्ता वैध' हा बिट लागलेला असेल. नाहीतर तिथे काहीही असू शकतं.

पीसीने दाखवलेल्या ओळीत काहीच चूक दिसत नाही. असं का?

सीएफएसआरचा १० क्रमांकाचा बिट पाहा. तो लागला असेल तर फॉल्ट 'इम्प्रिसाइज' आहे: प्रोसेसरने लिहायचं काम राइट बफरकडे सोपवलं, स्वतः पुढे गेला आणि चूक नंतर कळली. गुन्हेगार दोन-चार इन्स्ट्रक्शन मागे आहे. एम३ आणि एम४ वर तपासणीपुरता राइट बफर बंद करता येतो. ऑक्झिलरी कंट्रोल रजिस्टरमध्ये त्यासाठी बिट आहे. बोर्ड थोडा मंदावतो, पण पीसी नेमक्या ओळीवर थांबतो.

एखादा खरा डम्प कसा उलगडला ते सांगाल का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. वर सांगितलेल्या दिंडोरीच्या बोर्डाचीच गोष्ट. डम्प फ्लॅशमध्ये घालून तोच बोर्ड तिथेच पुन्हा बसवला. तीन आठवड्यांनी तो कोसळला, या वेळी पुरावा हातात होता.

चौकटीतला पीसी होता हेक्स ४१३२३९३०. आमचा कोड ०८०००००० पासून सुरू होतो, रॅम २००००००० पासून. ४१ ने सुरू होणारा पत्ता पेरिफेरलच्या (टायमर, सिरियल पोर्ट अशा जोडभागांच्या) भागातला, तिथून कोड चालवायला प्रोसेसर परवानगीच देत नाही. म्हणजे हा पत्ता नव्हताच, पत्त्याच्या जागी दुसरंच काहीतरी जाऊन बसलं होतं. जीडीबीचा बॅकट्रेस (कोणी कोणाला बोलावलं त्याची साखळी) दोन प्रश्नचिन्हांवर थांबला.

मग स्टॅकचे कच्चे बाइट उघडले. ३० ३९ ३४ ४४, ३० ३९ ३३ ३०, ३० ३९ ३३ ४६... दर चार बाइटांनी ३० ३९. अॅस्की कोष्टकात ३० म्हणजे '०' आणि ३९ म्हणजे '९'. आणि '०९' ने कशाची सुरुवात होते? युनिकोडमध्ये देवनागरीचा पट्टा ०९०० ते ०९७एफ असा आहे. पीसीतले बाइट उलट्या क्रमाने वाचले, कारण प्रोसेसर लहान टोक आधी ठेवतो, तर ३० ३९ ३२ ४१ मिळतात: ०९२ए. म्हणजे 'प'. प्रोग्राम काउंटरमध्ये 'प' हे अक्षर बसलं होतं.

पुढचं दहा मिनिटांत उलगडलं. बोर्डातल्या सिमवर मोबाइल कंपनीचा मराठी संदेश आला होता. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, म्हणून आम्ही २०० बाइटांचा बफर धरला होता. मराठी संदेशात ७० अक्षरंच मावतात, पण आमचं मॉडेम ती हेक्स आकड्यांत देतं, दर अक्षराला चार आकडे, म्हणजे २८० बाइट. पन्नास अक्षरं बफरमध्ये बसली, पुढची तीन जतन केलेल्या आर४, आर५, आर६ वर गेली आणि ५४वं अक्षर परतीच्या पत्त्यावर. फंक्शन परतलं ते थेट 'प' वर.

आणि फंक्शन कोणतं, तेही डम्पनेच सांगितलं. पीसी बिघडला तरी एलआर रजिस्टर शाबूत होतं. त्या फंक्शनने शेवटी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं तेव्हाचा परतीचा पत्ता त्यात होता, म्हणजे दोषी फंक्शनच्या आतलाच पत्ता. पीसी निरर्थक दिसला तर एलआर सोडू नका. तोही गेला असेल तर स्टॅकमध्ये ०८०० ने सुरू होणारे विषम आकडे शोधा. थम्ब कोडचे (या प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनांचे) परतीचे पत्ते विषम असतात, त्यामुळे ते चटकन नजरेत भरतात.

कार्यालयात वर्षभर चाचण्या झाल्या होत्या, सगळ्या इंग्रजी संदेशांच्या. मराठी शेतकऱ्यासाठी यंत्र बनवताना आम्ही एकही मराठी संदेश पाठवून पाहिला नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

कोणती एक गोष्ट चुकवताच कामा नये?

ईएलएफ फाइल जपणं. ज्या बिल्डचा बोर्ड शेतात आहे, नेमक्या त्याच बिल्डची, डिबग सिंबॉलसहित. कोड तोच आहे म्हणून पुन्हा कंपाइल केलेली फाइल चालेल असं धरू नका. कंपायलरची आवृत्ती किंवा एखादा पर्याय बदलला की पत्ते सरकतात आणि डम्प खोटं बोलायला लागतो. चुकीच्या ईएलएफने वाचलेला डम्प हा डम्प नसण्यापेक्षा वाईट, कारण तो खात्रीने चुकीची ओळ दाखवतो. असा एक आठवडा मी घालवला आहे.

उपाय स्वस्त आहे. लिंकरला बिल्ड आयडी घालायला सांगा, तो सहसा २० बाइटांचा असतो. तो फर्मवेअरमध्ये ठेवा, प्रत्येक डम्पच्या सुरुवातीला लिहा आणि ईएलएफ त्याच नावाने साठवा. डिबग माहितीमुळे बोर्डातली फ्लॅश भरेल ही भीती सोडा. ती माहिती फक्त ईएलएफमध्ये राहते, बोर्डावर चढत नाही.

फॉल्ट येतच नाही, बोर्ड अडकतो आणि वॉचडॉग रिसेट करतो. मग?

वॉचडॉग हा शेवटचा उपाय आहे, तो पंचनामा करत नाही. त्याच्या आधी, समजा वॉचडॉग आठ सेकंदांचा असेल तर सातव्या सेकंदाला, वरच्या प्राधान्याचा एक टायमर इंटरप्ट वाजू द्या आणि त्यातून डम्प घ्या. इथे चालू टास्कचा स्टॅक पुरत नाही, सगळ्यांचे लागतात. फ्रीआरटीओएस या आरटीओएसमध्ये प्रत्येक टास्कच्या नियंत्रण-ब्लॉकचं पहिलंच घर म्हणजे त्याच्या स्टॅकच्या टोकाचा पत्ता. तिथून प्रत्येक टास्क कुठे थांबला आहे ते काढता येतं. दोन टास्क एकमेकांच्या म्युटेक्सची (कुलपाची) वाट बघत बसलेले असतील तर ते इथे लख्ख दिसतं.

पेरिफेरलची रजिस्टरंही घ्या. आमचा एक अडकलेला बोर्ड सॉफ्टवेअरच्या दृष्टीने निर्दोष होता. आय-टू-सीचा (सेन्सर जोडणाऱ्या दोन तारांच्या बसचा) 'बिझी' बिट मात्र लागलेला, कारण सेन्सरने डेटाची तार खाली धरून ठेवली होती. रॅम कितीही वाचली असती तरी ते कळलं नसतं.

स्टॅक संपला होता हे डम्पवरून कळतं का?

हो. फ्रीआरटीओएसमध्ये स्टॅक-तपासणीचा पर्याय चालू असेल तर टास्कचा स्टॅक सुरुवातीला ए५ या बाइटने भरला जातो. डम्पमध्ये तळाशी ए५ ची रांग उरली आहे का पाहा. एकही नसेल तर स्टॅक तळाला टेकला होता.

ईएसपी३२ साठी एवढं सगळं करावं लागतं का?

नाही, तिथे सोय तयार आहे. ईएसपी-आयडीएफच्या (ईएसपी३२ चिपच्या अधिकृत विकास-संचाच्या) सेटिंगमध्ये कोअर डम्प फ्लॅशमध्ये की युआर्टवर (सिरियल तारेवर) ते निवडायचं आणि पार्टिशन टेबलमध्ये 'कोअरडम्प' उपप्रकाराचं ६४ केबीचं पार्टिशन ठेवायचं. मग आयडीएफच्याच कमांडने तो वाचता येतो. ईएलएफ स्वरूपाच्या डम्पमध्ये अॅपचा शा-२५६ ठसाही असतो, त्यामुळे चुकीची फाइल दिली तर कळतं. पार्टिशन टेबल मात्र बोर्ड शेतात जाण्याआधीच ठरवा. नंतर दूरवरून ते बदलणं जोखमीचं आहे.

आमच्या लिनक्स गेटवेवर कोअर फाइल तयारच होत नाही.

चार जागा तपासा. युलिमिटमध्ये (प्रोग्रामच्या मर्यादा ठरवणाऱ्या कमांडमध्ये) कोअरची मर्यादा शून्य असते, ती उठवा. सिस्टमडीखाली (लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामखाली) चालणाऱ्या सेवेला ही मर्यादा तिच्या युनिट फाइलमध्ये द्यावी लागते, शेलमध्ये दिलेली तिला लागू होत नाही. मग कर्नलचा 'कोअर पॅटर्न' पाहा: फाइल कुठे आणि कोणत्या नावाने जाणार ते तिथे ठरतं. ती जागा फक्त-वाचनाच्या फाइल सिस्टमवर असेल तर काहीच लिहिलं जाणार नाही. आणि जागा पुरेशी आहे ना? पॅटर्नची सुरुवात उभ्या रेघेने केली तर कर्नल कोअर थेट एखाद्या प्रोग्रामला पाजतो. आम्ही तिथेच दाबून लहान करतो आणि फक्त पहिले दोन ठेवतो.

वाचताना जीडीबीला बोर्डावरच्याच लायब्ररी द्या, त्यासाठी 'सिसरूट' आहे. तुमच्या लॅपटॉपवरची सी लायब्ररी घेतली तर बॅकट्रेस भरकटतो. मग सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस एकदम मागा. मेलेला थ्रेड आणि मारणारा थ्रेड वेगळे असू शकतात.

कर्नलच कोसळत असेल तर प्रकरण वेगळं. मोठ्या बोर्डावर केडम्प, लहानावर रॅमऊप्स. दुसरा पर्याय कर्नलचे शेवटचे संदेश रॅमच्या राखीव भागात ठेवतो आणि पुढच्या बूटला दाखवतो.

जीडीबी 'ऑप्टिमाइझ्ड आऊट' म्हणतो. किंमत गेलीच का?

त्या नावाने गेली, पण बहुधा दुसरीकडे सापडते. एक फ्रेम वर जा, बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये तीच किंमत वेगळ्या नावाने असते. नाहीतर डिसअसेंब्ली उघडून कोणत्या रजिस्टरात होती ते बघा. फक्त डम्पसाठी ऑप्टिमायझेशन बंद करून माल पाठवू नका, वेळेची गणितं बदलतात.

शेतावर नेटवर्क धड नसतं. डम्प आणायचा कसा?

आधी दोनशे बाइटांचा सारांश पाठवा: बिल्ड आयडी, पीसी, एलआर, सीएफएसआर, टास्कचं नाव. अर्धी प्रकरणं तिथेच मिटतात. पूर्ण डम्प तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याला सीआरसी. रॅममध्ये शून्यं आणि ए५ च्या लांब रांगा असल्याने तो चांगला दाबला जातो. अगदीच रेंज नसेल तर वायरमनच्या फोनवर ब्लूटूथने किंवा एसडी कार्डावर.

डम्प ईमेलने कुणालाही पाठवला तर चालेल?

नाही. त्यात वायफायचा पासवर्ड, सर्व्हरच्या किल्ल्या, शेतकऱ्याचा फोन नंबर, सगळं उघडं असतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न राहिलेला नाही. किल्ल्या वेगळ्या विभागात ठेवा आणि तो विभाग डम्पमधून वगळा. लिनक्स कर्नल ३.४ पासून मॅडव्हाइझ या सिस्टम कॉलने हे सांगता येतं. बाकीचा डम्प कूटबद्ध करून पाठवा.

सुरुवात कुठून करू?

बोर्ड मुद्दाम पाडण्यापासून. फर्मवेअरमध्ये एक सुरक्षित कमांड ठेवा जी ठरवून फॉल्ट घडवते. नल पॉइंटर वाचून बघू असं अनेकांना वाटतं, पण एसटीएम३२ वर शून्य पत्त्यावर फ्लॅशचीच सावली असते, वाचन सुखरूप पार पडतं आणि काहीच होत नाही. एमपीयूने (मेमरी-संरक्षण विभागाने) तो भाग बंद केला असेल तरच फॉल्ट येईल. शून्याने भागण्याचा सापळाही आधी चालू करावा लागतो. त्यापेक्षा अनोळखी इन्स्ट्रक्शन चालवा, ती नक्की पडते.

मग वेगवेगळ्या अवस्थांत पाडून बघा: फ्लॅशवर लिहीत असताना, इंटरप्टच्या आत, स्टॅक संपवून, लगेच वीज तोडून. प्रत्येक वेळी डम्प आणि बिल्ड आयडी अशा सहकाऱ्याला द्या ज्याने तो कोड लिहिलेला नाही. त्याला तुम्हाला न विचारता नेमकी ओळ सांगता आली पाहिजे. अडला तर कुठे अडला ते टिपून घ्या. बोर्ड दिंडोरीच्या गाडीत चढण्याआधी तेवढी उणीव भरून काढायची आहे.